छाया : छाया

वर्तमानपत्रांच्या मराठीत फोटोला छाया म्हणत. बोलण्यात हा शब्द कुणी वापरत नसे. आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये फोटो हा फोटोच होता. तो काढत, धुऊन आणत आणि भिंतीला टांगत. पेपरात मात्र चित्राखाली, कंसात, बारीक टायपात 'छाया' असं छापून दोन ठिपके देत आणि पुढे काढणाऱ्याचं नाव टाकत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बी.ए.ची परीक्षा संपल्यानंतरच्या महिन्यांत, मला त्या दोन ठिपक्यांच्या पुढे माझं नाव हवं होतं.

हवं होतं म्हणण्यापेक्षा लागणार होतं. गावच्या दूध सोसायटीत फॅट तपासायला माणूस पाहिजे होता. चेअरमन आमच्या भावकीतले. दिवाळीपर्यंत जागा अडवून ठेवतो, असं त्यांनी वडिलांना सांगितलं होतं. मी जुन्नरला मावशीकडे राहून शिकलो होतो आणि परीक्षा झाल्यावरही तिथून हललो नव्हतो. मावशीच्या थोरल्या मुलाने हौसेने घेतलेला एक जुना कॅमेरा तिच्या कपाटात पडून होता. तो माझ्या गळ्यात आला आणि मग उतरेना.

"पेपरात तुझं नाव दिसलं, तर चेअरमनला काय सांगायचं ते मी बघीन," वडील म्हणाले. "न्हाई दिसलं, तर पाडव्यापास्नं सोसायटीत. आन् तिथं उशीर चालायचा न्हाई. म्हशी कुणासाठी थांबत न्हाईत."

अट स्पष्ट होती. पुरी कशी करायची, हे मला माहीत नव्हतं, आणि जुन्नरमध्ये सांगेल असंही कुणी नव्हतं.

जुन्नरच्या बाजारपेठेत एका शेठचं दुकान होतं. वह्या, पेनं, कॅमेऱ्याचे रोल आणि पुण्याच्या एका दैनिकाची एजन्सी, असा त्यांचा व्यवसाय. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. शेठना तिकडची भाषा समजत असे, पण भांडण ते मराठीतच करत. बातम्या आणि फोटो पुण्याला पाठवायची रीत त्यांनीच मला दाखवली. पाकिटावर दैनिकाचं नाव लिहायचं, शिवाजीनगरला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. तो ते समोरच्या काचेशी खोचून ठेवी. शिवाजीनगरच्या स्टँडवर दैनिकाचा शिपाई अशी पाकिटं गोळा करत फिरे.

मी पाठवत होतो. शिवनेरी पहाटेचा, शिवनेरी सूर्यास्ताचा, धुक्यातला शिवनेरी. बैलगाडा शर्यतीच्या घाटात उधळलेले बैल, त्यांच्या मागची धूळ. नाणेघाटातून दिसणारं कोकण. सकाळी पेपरचे गठ्ठे स्टँडवर उतरले की शेठच्या माणसाआधी मी दोरी सोडत असे. मजकूर वाचत नसे, फक्त चित्रं बघत असे. बोटं काळी होत. माझं चित्र कधीच नसे.

"किल्ला छापायचा तर त्यांच्याकडं आहेच की, राव," शेठ म्हणाले. "एकदा काढून ठेवला की झालं. तो काय हलतो थोडाच."

मला तो टोमणा वाटला. मी आणखी मोठ्या आकाराचे प्रिंट काढले.

ओझरला मी रविवारी जात असे. अष्टविनायकाच्या यात्रेच्या गाड्या तिथे थांबत आणि गर्दी आयती मिळे. देवळाच्या आवारात एक नेहमीचा फोटोग्राफर होता. तो कुटुंबांना दीपमाळेपुढे ओळीने उभं करी, 'रेडी' म्हणे, एक फोटो काढी आणि पत्ता लिहून घेऊन तो पोस्टाने पाठवी. एका रविवारी माझ्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो संपवायचा आणि रोल धुवायला टाकायचा, एवढ्याच हेतूने मी समोर उभ्या राहत असलेल्या एका कुटुंबावर कॅमेरा धरला. नवरा आधीच ताठ होऊन समोर बघत होता. बायको पदराचं टोक थुंकीने ओलं करून मुलाच्या गालावरचा गुलाल पुसत होती. मुलगा मान काढून घेत होता. सासू दुसऱ्या नातवाची कॉलर सरळ करत होती.

तो प्रिंट मी येडगाव धरणाच्या दोन चित्रांबरोबर पाकिटात टाकला, पाकीट जाड दिसावं म्हणून. प्रत्येक प्रिंटच्या मागे एक चिठ्ठी डकवली. तिच्यावर ठिकाण लिहिलं. त्याखाली पेपरवाल्यांना आपण त्यांच्यातलेच वाटावं म्हणून 'छाया' लिहिलं, आणि पुढे नुसतं आडनाव. पुण्यातले नामांकित फोटोग्राफर नुसत्या आडनावाने छापले जात, हे मी पाहिलं होतं. दोन ठिपके द्यायचे राहिले.

चित्र छापून आलं. आतल्या पानावर, तीन कॉलम. मी गठ्ठ्यावरच बसून ते बघितलं आणि मग खालची ओळ वाचली. 'छाया : छाया', आणि पुढे आमचं आडनाव.

शेठनी ओळ दोनदा वाचली. त्यांनी गल्ल्यावरची घंटी वाजवली, जशी ते चहा मागवायला वाजवत.

"ताईंसाठी चहा सांगा," ते म्हणाले.

मी त्यांच्याच फोनवरून पुण्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं. बातमीत चूक असेल तर खुलासा छापतो, छायेत असेल तर छापत नाही, असं तो म्हणाला. पुढच्या वेळी नीट लिहा, असंही म्हणाला. फोन ठेवल्यावर मी बाजारपेठेतून स्टँडपर्यंत आणि स्टँडपासून परत असा चालत राहिलो. नाव आलं होतं आणि आलं नव्हतं. वडिलांच्या अटीत हा प्रकार बसत नव्हता.

तोपर्यंत अंक अवसरीत पोचला होता. पुढचं मला नंतर वेगवेगळ्या लोकांकडून कळलं, आणि सगळ्यांचं सांगणं एकमेकांशी जुळत होतं. पारावर एकाने चित्राखालची ओळ मोठ्याने वाचली.

"ही छाया कोण रं? आडनाव तर ह्यांचंच हाय."

"ह्यांच्या घरात छाया न्हाई कुणी."

"न्हाई कशी? पोरगं जुन्नरला ऱ्हातंय न्हवं? परीक्षा व्हऊन बी घरी येत न्हाई. का येत न्हाई, ते आता कळलं."

"आरं पर दोनदा लिवलंय. छाया, छाया."

"मंजी दोन केल्या का काय?"

दुसऱ्या दिवशी वडील एसटीने जुन्नरला आले. मावशीकडे न जाता ते थेट शेठच्या दुकानात आले, कारण मी कुठे सापडतो हे त्यांना ठाऊक होतं. मी आत रोल मोजत होतो. त्यांनी मला पाहिलं, पण बोलले शेठशी.

"शेठ, आमच्या पोराचं कायबाय कानावर येतंय."

"काय येतंय, पाटील?"

"तुमास्नी म्हाईत असंलच. लपवू नका. झालं ते झालं."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना लगेच समजलं; मला नाही. वडिलांनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. तिच्यात खण होता, नारळ होता आणि तांदळाची पुरचुंडी होती. आईने दिली होती. खरं असलं तर सुनेकडे रिकाम्या हाताने जायला नको आणि खोटं असलं तर नारळ घरी परत येईलच, असा तिचा हिशेब होता.

शेठनी त्यांना बसवलं आणि त्या दिवशीचे, आदल्या दिवशीचे, जमतील तेवढे अंक पुढ्यात मांडले. प्रत्येक चित्राखालच्या 'छाया'वर बोट ठेवून ते पुढे सरकत गेले. ही छाया, ही छाया, ही पण छाया. गावोगावी छाया आहे, पाटील. छाया म्हणजे फोटो. वडील लक्ष देऊन ऐकत होते.

"मंजी पोरगी न्हाईच?"

"नाही."

"मग फोटो कुणी काढला?"

"मी," मी म्हणालो.

"मग तुझं नाव कुटं हाय?"

मी चित्राखालच्या आडनावावर बोट ठेवलं. वडील पिशवी उचलून उभे राहिले. त्यांना राग आला होता असं दिसलं नाही. थोडी निराशा दिसली, आणि ती माझ्याबद्दल होती की सुनेबद्दल, ते मला कळलं नाही. जाताना ते म्हणाले, "ह्ये धरता येत न्हाई. तुजं नाव पायजे."

त्यानंतरच्या आठवड्यात पुण्याहून शेठकडे फोन आला. दैनिकाच्या महिला पुरवणीच्या संपादक बाईंनी निरोप ठेवला होता: छायाताईंना भेटायला पाठवा, येताना आणखी फोटो घेऊन यायला सांगा. शेठनी निरोप जसाच्या तसा दिला, एक अक्षर न बदलता, आणि मग पाठ करून हसले.

मी गेलो. जवळ होते ते सगळे प्रिंट बरोबर घेतले. बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली ओझरचं चित्र ठेवलेलं होतं, पेपरातून कापलेलं नव्हे, मी पाठवलेला मूळ प्रिंट. त्यांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"छायाताई नाही आल्या?"

"फोटो माझे आहेत. छाया म्हणजे फोटो, असं लिहिलं होतं मी. आडनाव माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेखालच्या चित्राकडे. शेजारच्या खोलीकडे वळून त्यांनी एका तरुण उपसंपादकाला हाक मारली. "अहो, इकडे या. तुमच्या छाया आल्यात. मिशी आहे त्यांना."

तो दारापर्यंत आला, माझ्याकडे बघून 'मला ताई वाटल्या' एवढंच म्हणाला आणि परत गेला.

"मी खेड्यातल्या मुलींवर पान करते आहे," बाई म्हणाल्या. "वरचा अर्धा भाग तुमच्यासाठी ठेवला होता. आता तिथे लोणच्यांचे प्रकार जातील." त्यांनी हात पुढे केला. "आणलंय ते दाखवा."

पत्ते वाटावेत तसे त्यांनी प्रिंट टेबलावर टाकले. "हा किल्ला. हा किल्ला संध्याकाळी. हा बैल. बैल चांगला आहे. हा पुन्हा किल्ला." सगळे गोळा करून त्यांनी माझ्याकडे परत दिले. त्यांच्या टेबलाच्या कडेला पाकिटांची चळत होती. त्यातलं एक उघडून त्यांनी मला दाखवलं. आत किल्ला होता. माझ्यापेक्षा बरा काढलेला होता.

"असे रोज येतात. वाईट नसतात. म्हणूनच लक्षात राहत नाहीत." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "ह्या नवऱ्याला फोटोचं भान आहे, बाईला अजून नाही. असे आणखी किती आहेत?"

"एवढा एकच."

"मग तो तुम्ही काढला की निघाला, हे मला कसं कळणार? ह्याच जातीचे पान भरतील एवढे आणा. दुसरं काही नको. चांगले असले तर पाव पान देईन, आणि नाव तुमचं."

पुढे दोन हजारनंतरच्या वर्षांत मी स्वतः एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर बसलो. तेव्हा पाकिटांच्या जागी ईमेल आले होते आणि कॅमेरे डिजिटल झाले होते. जुन्नर-आंबेगावकडच्या मुलांचे फोटो येत. एकाच मेलमध्ये फूल, किल्ला, पक्षी, आजीच्या सुरकुत्या आणि बैलगाडा. सोबत 'योग्य वाटल्यास प्रसिद्धी द्यावी' ही ओळ. चित्रं देखणी असत. पाठवणाऱ्याला नक्की काय बघायचं आहे, ते त्यातून समजत नसे, आणि उपसंपादकाला विचार करायला वेळ नसे. जो मुलगा महिनाभर फक्त टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्यांचे खांदे पाठवत राहिला, त्याचं नाव आम्ही शोधून काढलं, कारण ते लिहायला तो विसरला होता. त्याच्या फोटोंची चर्चा डेस्कवर होई. किल्ल्याची कधी झाली नाही.

पण हे नंतरचं. त्या वर्षी मी पुण्याहून परतलो तो ओझरला जाऊन उभा राहिलो, आणि तिथे मला एकही चित्र मिळेना. शोधायला लागल्यावर सगळंच बिघडलं. कॅमेरा दिसला की माणसं सरळ होत. पदर खांद्यावर येत, मुलं हाताची घडी घालत. एका आजोबांनी तर मला लांबून पाहूनच टोपी नीट केली आणि मी जवळ जाईपर्यंत श्वास धरून ठेवला. रोल संपत होते. रात्री झोप येत नसे आणि दिवसा एका जागी बसवत नसे. मावशी म्हणे, बस की जरा; मी बसे आणि पुन्हा उठे.

शेवटी मी देवळातल्या नेहमीच्या फोटोग्राफरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं.

"म्हंजी गिऱ्हाईक माझं आन् फोटू तुझा," तो म्हणाला. "झ्याक हाय की."

"तुमच्या गिऱ्हाइकाला मी फोटो विकणार नाही."

"मग एक कर. मी 'रेडी' म्हणलो की कॅमेरा खाली. त्या फुडचं समदं माझं. त्या आधीचं तुला लखलाभ. त्यात हाय काय?"

त्या आधीचंच मला हवं होतं. त्याच्या अटीने माझं काम झालं. लोक त्याच्याकडे बघत, त्याच्यासाठी तयार होत, आणि मी बाजूला उभा असे. पाण्याने भिजवलेला एक कंगवा थोरल्यापासून धाकट्यापर्यंत अख्ख्या ओळीतून फिरला. एका माणसाने भावाचं घड्याळ मागून घेऊन मनगटावर चढवलं आणि ती बाही वर सारली. दोन जावा सासूच्या उजव्या बाजूला कोण उभं राहणार यावरून, ओठ न हलवता, भांडत होत्या. नव्या नवरीने तुटक्या बंदाची चप्पल पायानेच दीपमाळेमागे सरकवली. एक आजोबा खिशातून कवळी काढून तोंडात बसवत होते आणि त्यांचा नातू ते काम फार जवळून बघत होता. मग आवाज येई, "रेडी", आणि सगळं थांबे. मी कॅमेरा खाली घेई. नंतर लोकांजवळ जाऊन मी सांगत असे की असा फोटो काढलाय, पेपरला देणार आहे. बहुतेक हसत. कवळीवाले आजोबा म्हणाले, "दे. दात बसल्यालं असतील तरच दे." तो मी दिला नाही.

जुन्नरच्या एका स्टुडिओतल्या डार्करूममध्ये प्रिंट काढले आणि निवडले. या वेळी चिठ्ठी लिहिताना मी काहीही गृहीत धरलं नाही. आधी 'श्री.', मग माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, तालुका, आणि शेवटी कंसात 'पुरुष'.

शेठनी चिठ्ठी उजेडात धरली. "उंची आणि रंग टाका," ते म्हणाले. "म्हणजे सापडला नाहीत तर पोलिसांत देता येईल."

पाकीट मी एसटीने पाठवलं नाही. स्वतः नेऊन दिलं. बाईंनी चित्रं पाहिली, तीन बाजूला काढली, त्यातलं एक पुन्हा गठ्ठ्यात घातलं आणि दुसरं उचललं. "येत्या पुरवणीत लावते," म्हणाल्या.

त्या पुरवणीत ती नव्हती. साड्यांच्या जाहिरातींनी पान खाल्लं होतं. पुढच्या पुरवणीत फराळ होता. शेठनी फोन करू दिला नाही. संपादकाला दोनदा आठवण केली की तो विसरायला शिकतो, असं त्यांचं मत होतं. वसुबारस झाली. धनत्रयोदशीला मी सामान घेऊन अवसरीला आलो, कारण सण होता आणि मुदतही संपत होती. चेअरमन वाटेत भेटले. त्यांनी विचारलं, "पाडव्याला येतोस ना?" मी म्हणालो, "बघतो." ते म्हणाले, "बघायचं काय त्यात? दुधाकडंच बघायचं हाय."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या अंकाबरोबर पुरवणी आली. मी मंचरच्या स्टँडवर जाऊन ती घेतली आणि तिथेच उघडली. पाव पान, तीन चित्रं: कंगवा, घड्याळ, चप्पल. खाली कंसात काहीच नव्हतं. मग दिसलं. नाव चित्राच्या कडेने उभं छापलं होतं, इतकं बारीक की पहिल्यांदा ती चौकटीची रेघ वाटली. 'छाया' हा शब्द नव्हता. बाईंनी 'छायाचित्रे' केलं होतं, दोन ठिपके होते, आणि पुढे पूर्ण नाव. 'श्री.' आणि 'पुरुष' त्यांनी काढून टाकलं होतं.

वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, पान आधी सरळ बघितलं, मग मी कडेला बोट ठेवल्यावर आडवं फिरवलं.

"ह्ये असं उभं का लिवलंय?"

"तशी पद्धत आहे."

"लपवल्यावानी दिसतंय." ते वाचू लागले. माझ्या नावावर थांबले नाहीत. पुढे जाऊन थांबले. "ह्यात माजं बी नाव हाय की."

"पूर्ण नाव लिहिलंय."

आई आतून आली. तिने नाव विचारलं नाही, चित्रं बघितली. नवरीच्या चपलेपाशी ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "बंद तुटलाय गं बाई हिचा."

"फुडच्या आठवड्यात येनार का?" वडिलांनी विचारलं.

"माहीत नाही."

"त्या बाईंनी काय सांगितलंय?"

"काही नाही."

त्यांनी पानाची घडी घातली, उभं नाव वर राहील अशी. टोपी घातली. "चेअरमनला काय सांगू मग?"

"नाही म्हणून सांगा."

ते सोसायटीकडे गेले आणि दिवेलागणीला परत आले. चेअरमनच्या साडूचा मुलगा पाडव्यापासून कामावर येणार, एवढंच कळलं. पुरवणी त्यांनी तिथेच ठेवली होती, लोकांना बघायला.

पाडव्याच्या पहाटे सोसायटीकडे जाणाऱ्या किटल्यांचे आवाज सुरू झाले तेव्हा मी जागाच होतो. उठलो, अंघोळ केली, कपडे घातले. मला कुठेही जायचं नव्हतं. कॅमेऱ्यात रोल नव्हता आणि दुकानं सणाची बंद होती. मी अंगणात उभा राहिलो, मग रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो. आई म्हणाली, "बस की." वडील ओट्यावर येऊन बसले. ते माझ्याकडे बघत होते, आणि आता मी काय करतो हे त्यांनाही जाणून घ्यायचं होतं.